एजंट नक्की कोणाचा? मालकाने सांगितले ६७, मला सांगितले ७१

चिंचवडची_सायली

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, सांभाळून घ्या. आठ दिवस डोक्यात हेच चाललंय.

आम्ही दोघं नोकरी करणारे. नवरा चाकणला कारखान्यात, मी चिंचवडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये. सहा वर्षं भाड्याच्या घरात काढली. मागच्या महिन्यात एका एजंटने थेरगावात टू बीएचके दाखवला. बारा वर्षांची सोसायटी, तिसरा मजला, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन. बघताक्षणी आवडला. भाव ७१ लाख, "फायनल". वर त्याची दलाली दोन टक्के, म्हणजे १ लाख ४२ हजार. काही कमी होईल का विचारलं, तर व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर आलं, "ताई, मी तुमच्या बाजूने बोलतोय. मालक ७४ वर अडून बसला होता, तुमच्यासाठी ७१ वर आणला." त्याच रात्री टोकन म्हणून १ लाख त्याच्या खात्यावर यूपीआयने पाठवले. पावती मागितली तर म्हणाला, मालक गावाला गेलेत, आले की सही घेऊन देतो.

शनिवारी ओट्याचं माप घ्यायला म्हणून फ्लॅटवर गेले. मालकांच्या आई घरी होत्या. त्यांनी बसवून घेतलं, चहा टाकला. बोलता बोलता म्हणाल्या, "आमच्या मुलानं सदुसष्ट सांगितलेत. तू घेणार असशील तर अजून थोडं बघेल तो." मी कप तसाच खाली ठेवला. काय बोलावं सुचेना.

एजंटला फोन केला. तो अजिबात गडबडला नाही. "ताई, याला नेट रेट म्हणतात. मालकाला ६७ हातात हवेत, वरचे आमचे. सगळीकडे हीच पद्धत आहे." म्हणजे वरचे चार लाख त्याचे आणि शिवाय माझ्याकडून दोन टक्के! मी म्हटलं मला व्यवहारच करायचा नाही, माझे लाख परत द्या. तर आता म्हणतोय, टोकन परत मिळत नाही, पण रावेतला एक नवा प्रोजेक्ट आहे, तिकडे वळवून देतो. प्री-लाँच आहे (म्हणजे नोंदणीआधीच बुकिंग), रेरा नंबर, म्हणजे प्रकल्पाची सरकारी नोंदणी, महिनाभरात येईल, आत्ता चेक दिला तर चौरस फुटामागे पाचशे रुपये कमी.

त्याच्या कार्डावर महारेराचा (घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक छापलेला आहे. मी संकेतस्थळावर तपासला, खरा आहे. मग महारेराकडे तक्रार करता येईल का? आणि मुळात हा माणूस माझा एजंट आहे की मालकाचा? घर मला अजूनही हवंय, हेही खरं सांगते.

नाशिकरोड_विनायक

मालकाची बाजू सांगतो. २०१८ मध्ये मीही असाच नेट रेट दिला होता. वडील गेले, घर विकायचं होतं, मी बंगळुरूला. दर रविवारी येऊन फ्लॅट दाखवणं शक्य नव्हतं. एजंट म्हणाला, तुम्हाला हातात किती हवेत तेवढं सांगा. मला सोयीचं वाटलं. घेणाऱ्याकडून तो किती घेतोय हे मी विचारलंच नाही. तुमची पोस्ट वाचून आज वाटलं, विचारायला हवं होतं. तुमचे मालकही कदाचित वाईट नसतील. त्यांना थेट फोन करा.

डोंबिवली_पूर्व_एजंट

सायलीताई, मी डोंबिवली पूर्वेला २००३ पासून हाच धंदा करतो. सकाळी तुमची पोस्ट वाचली आणि ऑफिस उघडायच्या आधी लिहायला बसलो. हा माझ्या धंद्याचा प्रश्न आहे, गप्प बसवत नाही.

आधी तातडीचं. रावेतला चेक देऊ नका. रेरा कायदा २०१६ चा. त्याच्या कलम ३ प्रमाणे नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरला जाहिरात करता येत नाही, बुकिंग घेता येत नाही, "या, घर घ्या" असं नुसतं बोलावताही येत नाही. आणि कलम १० आमच्यासाठी आहे, एजंटांसाठी. त्यातलं पहिलंच कर्तव्य हे, की नोंदणी नसलेल्या प्रकल्पातल्या घराच्या किंवा प्लॉटच्या व्यवहारात एजंटने हातच घालायचा नाही. पाचशे चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत फ्लॅट असलेल्या छोट्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे, पण तुमचा एजंट स्वतःच "नंबर येईल" म्हणतोय, म्हणजे हा त्यातला नाही. प्री-लाँच म्हणा, ईओआय (घर घ्यायचं इच्छापत्र) म्हणा, मित्रमंडळींचं बुकिंग म्हणा, नाव बदललं तरी काम तेच. कलम ६२ प्रमाणे अशा एजंटाला दिवसाला १० हजार रुपये दंड होऊ शकतो आणि तो साचत साचत त्या फ्लॅटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जातो. रावेतबद्दल त्याने जे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलंय ते जपून ठेवा. त्याबद्दल महारेराकडे तक्रार नक्की होते. कलम ३१ मध्ये बिल्डरप्रमाणे एजंटाविरुद्धही तक्रार करता येते.

आता थेरगाव. इथे बहुतेकांची गल्लत होते. कार्डावर रेरा नंबर आहे म्हणून त्या माणसाचा प्रत्येक व्यवहार रेराखाली येतो असं नाही. कायद्यात एजंटाची व्याख्याच "रिअल इस्टेट प्रकल्पातील" विक्रीशी बांधलेली आहे. बारा वर्षांच्या सोसायटीतला फ्लॅट एका माणसाने दुसऱ्याला विकणं, म्हणजे आपण रिसेल म्हणतो ते, त्यात बसत नाही. भाड्याचे व्यवहारही नाहीत. त्यामुळे ६७-७१ चं गाऱ्हाणं घेऊन महारेराकडे गेलात तर बहुधा तुमचा वेळ आणि ५ हजार शुल्क जाईल.

मग काय, रिसेलमध्ये एजंट मोकाट? मुळीच नाही. त्याला १८७२ चा भारतीय करार कायदा लागू आहे. माझ्या ओळखीच्या दहा एजंटांपैकी आठांना हे माहीत नसतं, म्हणून सविस्तर लिहितो. ज्याच्यासाठी एजंट काम करतो त्याने मागितला की हिशेब दिलाच पाहिजे, कलम २१३. त्याच्या वतीने आलेले पैसे त्याला पोचते केले पाहिजेत, कलम २१८. त्याला अंधारात ठेवून एजंटने व्यवहारात स्वतःचा फायदा काढला, तर तो फायदा मागायचा हक्क त्याला आहे, कलम २१६. आणि कामात गैरवर्तन केलं तर त्या कामाची दलाली मागता येत नाही, कलम २२०.

प्रश्न इतकाच उरतो की तो कोणासाठी काम करत होता. त्याचं उत्तर त्याने तुम्हाला स्वतःच्या हाताने लिहून दिलंय, "ताई, मी तुमच्या बाजूने बोलतोय". शिवाय तुमच्याकडून दोन टक्के ठरवलेत. दोन्हीकडून दलाली घेणं हा गुन्हा नाही, मीही घेतो. पण दोघांना ते माहीत पाहिजे. मालकाला जास्तीत जास्त भाव हवा असतो, तुम्हाला कमीत कमी. दोघांचं मीठ खायचं तर भाव लपवायचा हक्क आपल्याला उरत नाही.

ते चार लाख तो नेमके कसे काढणार होता, तेही समजून घ्या, कारण त्यात तुम्ही अडकला असता. एक मार्ग, करार ७१ चा करायचा आणि मालकाने मागून चार लाख रोख त्याला द्यायचे. मग त्या वरच्या चार लाखांवरही तुम्ही ७ टक्के मुद्रांक भरला असता, म्हणजे २८ हजार, आणि बँकेचं व्याज वेगळं. दुसरा मार्ग, करार ६७ चा आणि चार लाख तुमच्याकडून रोख, "फर्निचरचे" म्हणून. प्राप्तिकर कायद्यात स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला मनाई आहे. आणि त्या रोखीची पावती तुम्हाला कोणी दिली नसती.

हे मी उपदेश म्हणून लिहीत नाही. सुरुवातीच्या काळात मीही नेट रेटवर कामं केली आहेत. २००६ मध्ये एका चाळीतल्या खोलीचा व्यवहार होता. घेणारे रेल्वेत मोटरमन. आदल्या दिवशी त्यांनी दलालीत दोन हजार कमी करा म्हणून विनंती केली होती, मी नाही म्हटलं, माझंही घर आहे म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात सह्या झाल्या आणि बाहेरच्या बाकावर बसून मालकाने त्यांच्यासमोरच पंधरा हजार मोजून माझ्या हातात ठेवले, "हे तुमचे वरचे". मोटरमनसाहेब काही बोलले नाहीत. डब्यातली पोळी-भाजी खात होते, डबा तसाच बंद केला. त्यानंतर मी एकही नेट रेट घेतला नाही.

आता माझ्याकडे एक लांब लाल वही आहे. पहिल्या भेटीला पार्टीसमोर लिहितो. मालकाने सांगितलेला भाव, कोणाकडून किती टक्के, कधी द्यायचे. खाली सही घेतो. काही गिऱ्हाईकं सही करायला बिचकतात, एखादं उठूनही जातं. जाऊ देतो.

पुढचं तुम्ही विचारलं नाहीत, पण रावेतच्या निमित्ताने सांगितलंच पाहिजे. उद्या त्या प्रोजेक्टचा रेरा नंबर आला, जाहिरातीवर क्यूआर कोड आला (ऑगस्ट २०२३ पासून तो सक्तीचा आहे), तरी तेवढ्यावर थांबू नका. आमच्या कल्याण-डोंबिवलीत काय झालं सगळ्यांनी वाचलंय. ६५ इमारती. पालिकेच्या बांधकाम परवानग्याच बनावट, त्यांच्या जोरावर महारेराची नोंदणी मिळवलेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. माणसांनी रेरा नंबर बघून, बँकेचं कर्ज काढून घरं घेतली होती. आणि ती घरं दाखवायला कोण गेलं होतं? आमच्यातलेच कोणीतरी. हे माझ्या मनातून जात नाही.

मलाही तशाच एका इमारतीसाठी चार टक्क्यांची ऑफर आली होती. एरवी बिल्डर दोन देतो. चार का, एवढ्याच शंकेने मी परवानगीची प्रत मागितली. रंगीत झेरॉक्स दिली, शिक्का छान गोल, जावक क्रमांकही होता. तो क्रमांक चिठ्ठीवर लिहून नगररचना विभागात गेलो. तिथल्या कारकुनाने रजिस्टर उघडून बोट खाली खाली नेलं. त्या क्रमांकावर दुसऱ्याच कुठल्या तरी पत्राची नोंद होती. एका सकाळचं काम, आणि रिक्षाचे साठ रुपये. एजंटाने एवढं तरी करावं की नाही? कलम १० मध्ये हेही आहे की बुकिंगच्या वेळी गिऱ्हाईकाला ज्या ज्या कागदांचा हक्क आहे ते सगळे त्याला मिळतील हे एजंटाने बघायचं, आणि खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती द्यायची नाही. "मला बिल्डरने तसंच सांगितलं होतं" हे म्हणून सुटता येऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

टोकनचं शेवटी. मालकाची सही नाही, पावती नाही, पैसे एजंटाच्या खात्यात. मालकापर्यंत तुमचा प्रस्ताव पोचलाच नाही तर जप्त कोण करणार आणि कशासाठी? लेखी मागा, सात दिवसांची मुदत द्या. आणि यापुढे विसार कधीही एजंटाच्या खात्यात टाकू नका, मालकाच्या नावाने चेक, आणि विसार पावतीवर मालकाची सही.

ठाणे_वकील_अ

डोंबिवलीकरांनी बहुतेक सगळं बरोबर सांगितलंय. दोन गोष्टी जोडते.

कलम २१६ वर वाद होऊ शकतो. समोरचा म्हणेल मी मालकाचा एजंट, आणि मालकाला नेट रेट मान्य होता. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपचा तो संदेश आणि दोन टक्के ठरल्याचा पुरावा तुमच्यासाठी सोन्याचा आहे. स्क्रीनशॉटवर थांबू नका, मूळ चॅट फोनमध्ये राहू द्या. फोन बदलू नका, विकू नका.

दुसरं, महारेरा नाही म्हणून दार बंद झालं असं नाही. दलाली ही सेवा आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये मोबदला दिलेला असो किंवा द्यायचं कबूल केलेला असो, तुम्ही ग्राहक ठरता. जिल्हा ग्राहक आयोगात मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. मुदत दोन वर्षांची. पण आधी नोटीस. अनेकदा नोटिशीतच काम होतं.

दलालीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. एक रुपया देऊ नका.

चिंचवडची_सायली

दादा, वकीलताई, दोघांचे मनापासून आभार. कालच मालकांचा नंबर त्यांच्या आईंकडून घेऊन फोन केला. त्यांना ७१ चा आकडा माहीतच नव्हता. टोकन घेतल्याचंही माहीत नव्हतं! ते म्हणाले, या रविवारी समोरासमोर बसू.

एक विचारते. एजंटला वगळून थेट व्यवहार केला तर ते बरोबर होईल का? घर तर त्यानेच दाखवलं. नवरा म्हणतो काहीच द्यायचं नाही. मला ठरवता येत नाही.

डोंबिवली_पूर्व_एजंट

वकीलताईंचा मान राखून सांगतो, इथे माझं मत वेगळं आहे. कायद्याने तुम्ही नाही म्हणू शकता. पण त्याने घर शोधलं, दाखवलं, हे काम झालंय. त्याला रविवारी बोलवा. मालकासमोर दोन आकडे त्यालाच सांगू द्या. लाख रुपये आधी परत, मग बोलणी. त्यानंतर जे द्याल ते सगळ्यांसमोर ठरवून, बिल घेऊन, बँकेतून द्या. आणि यायला नकार दिला तर मग वकीलताईंचा रस्ता आहेच.

बैठकीत कागद बघा. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मालकाचा मूळ करार आणि इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा), कर्ज असेल तर बँकेचं पत्र, थकबाकी नसल्याचा सोसायटीचा दाखला, पाणीपट्टी-मालमत्ता कराच्या पावत्या. वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च. किंमत ५० लाखांच्या वर आहे, तेव्हा १ टक्का टीडीएस (मालकाला द्यायच्या रकमेतून कापायचा प्राप्तिकर) तुम्ही कापून भरायचा असतो, तो विसरू नका. आणि करार तुमच्या एकटीच्या नावे करणार असाल तर महिलांना मुद्रांकात १ टक्का सवलत आहे. दोघांच्या नावे केला तर मिळत नाही. घरी बसून ठरवा.

पनवेल_मधुरा

प्री-लाँचबद्दल फक्त एवढंच. आम्ही २०२१ मध्ये असाच "नंबर येईल" वर दीड लाखाचा चेक दिला. नंबर चौदा महिन्यांनी आला, तेव्हा आमचा मजला आणि भाव दोन्ही बदललेले होते. पैसे परत मिळायला अजून आठ महिने गेले. सायली, तू वाचलीस.

चिंचवडची_सायली

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

रविवारी मालकांच्या घरी बसलो. मालक, त्यांच्या आई, आम्ही दोघं आणि एजंट. तो येणार नाही असं वाटलं होतं, पण आला. मालकांनी विचारलं, "मी तुम्हाला किती सांगितले होते?" तो बराच वेळ खाली बघत होता, मग म्हणाला, सदुसष्ट. तिथेच बसून त्याने माझ्या खात्यात लाख परत टाकले, मेसेज आल्यावर मी नवऱ्याला दाखवला. मी त्याला रेरा, करार कायदा काहीच बोलून दाखवलं नाही, गरज पडली नाही.

६७ ठरले. विसाराचा चेक मालकांच्या नावे दिला, पावतीवर त्यांची सही, साक्षीदार म्हणून शेजारच्या काकांची. एजंटला आम्ही पन्नास हजार द्यायचं कबूल केलं, करार नोंदवल्यावर, बिलावर. नवरा अजून थोडा नाराज आहे. मालक त्याला किती देणार आहेत तेही त्यांनी आमच्यासमोर सांगितलं. सर्च रिपोर्ट आला, स्वच्छ आहे. रावेतचा चॅट महारेराच्या तक्रारीसाठी काढून ठेवलाय, वकीलताईंना पाठवते आहे.

निघताना आजी म्हणाल्या, माप घ्यायला पुन्हा ये. खरंच, त्या दिवशी घ्यायचं राहूनच गेलं होतं. टेप अजून माझ्या पर्समध्येच आहे.